जाड्या-रड्यामधला रड्या

गेल्या वर्षी कोजागिरीला गच्चीवर सिनेमा दाखवायची कल्पना माझी होती, तेव्हा तो पडला याचा दोषही माझ्याच माथी. दरवर्षी मसाला दूध, हाऊजी आणि भेंड्या एवढाच कार्यक्रम असतो. या वेळी मुलांना जाड्या-रड्याचा सिनेमा दाखवू, असं मी सुचवलं आणि कमिटीने लगेच मान्य केलं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पांढरी चादर बांधली, ए विंगमधल्या एका मुलाने प्रोजेक्टरची सोय केली. माझ्याकडे या जोडीच्या सिनेमांचा संच आहे. त्यातला ‘ग्रेट गन्स’ मी निवडला. का, तर तो चांगला सव्वा तासाचा आहे आणि त्यात सैन्य, तोफा, पाळीव कावळा असा मुलांना आवडेल असा सगळा मालमसाला आहे.

वीस मिनिटांत मुलं खाली पळाली. अर्ध्या तासाने मोठी माणसं दुधाच्या पातेल्याभोवती जमून पार्किंगचा विषय बोलायला लागली. शेवटी चादरीसमोर उरलो मी, प्रोजेक्टरवाला मुलगा आणि तळमजल्यावरच्या आजी. आजींचाही डोळा लागला होता. बी विंगमधला एक सात-आठ वर्षांचा पठ्ठ्या तर जाता जाता मला विचारून गेला, आजोबा, यातला रड्या रडणार कधी?

प्रश्न अगदी बरोबर होता. याच मुलांना मी आमच्या घरी या जोडीचे जुने वीस-वीस मिनिटांचे सिनेमे दाखवले आहेत आणि ती हसून हसून जमिनीवर लोळली आहेत. माणसं तीच, टोप्या त्याच, मग ‘ग्रेट गन्स’मध्ये बिघडलं कुठे? याचं उत्तर द्यायचं तर रड्याची, म्हणजे स्टॅन लॉरेलची, सगळी गोष्टच सांगावी लागते. स्मरणिकेच्या मंडळींनी पानं मोकळी ठेवली आहेत, तेव्हा सांगूनच टाकतो.

आधी नावाचं. इंग्रजीत जोडीचं नाव लॉरेल आणि हार्डी, म्हणजे बारीक आधी आणि जाडा मागून. आपण मराठी माणसांनी जाड्याला पुढे केलं आणि बारक्याला रड्या करून मागे बसवलं. गंमत म्हणजे पडद्यामागे सगळा कारभार या मागे बसलेल्याचाच होता.

त्याचं खरं नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. जन्म १६ जून १८९० चा, उत्तर इंग्लंडमधल्या अल्व्हर्स्टन या लहान गावात, आजीच्या घरी. वडील नाट्यगृहं चालवायचे, नाटकं लिहायचे, आई नटी. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळींसारखंच बिऱ्हाड पाठीवर. त्यामुळे पोराचं बालपण कधी आजीकडे, कधी या गावात तर कधी त्या. शाळेत लक्ष नव्हतं, थिएटरात मात्र होतं. पुढे कुटुंब ग्लासगोला आलं. तिथल्या ‘ब्रिटानिया पॅनॉप्टिकन’ नावाच्या थिएटरात १९०६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने विनोदी नट म्हणून पहिल्यांदा स्टेजवर पाऊल टाकलं. तेही वडिलांना न सांगता आणि वडिलांचेच कपडे ढापून. योगायोग असा की त्या रात्री वडील स्वतः त्या थिएटरात आलेले. आता मार बसणार असं पोराला वाटलं, पण बाप धंद्यातला होता. लोक हसताहेत हे त्याने पाहिलं आणि पोराला मोकळीक दिली.

मग तो फ्रेड कार्नोच्या कंपनीत लागला. मूकनाट्य आणि धडपड यांची त्या काळातली ही सगळ्यात मोठी तालीम. तिथला मुख्य नट होता चार्ली चॅप्लिन, आणि आपला स्टॅन त्याचा बदली नट. म्हणजे चार्लीची भूमिका सगळी पाठ, पण करायला मिळणार कधी, तर चार्ली आजारी पडला तर! १९१० साली कंपनी अमेरिकेला गेली तेव्हा दोघं एकाच बोटीने गेले. दौऱ्यावर कधी कधी एकाच खोलीत राहायचे. लॉजमध्ये स्वयंपाकाला बंदी असायची. स्टॅन पुढे सांगायचा की तो गॅसवर मटणाचे तुकडे तळायचा आणि तळण्याचा आवाज मालकिणीला ऐकू जाऊ नये म्हणून चार्ली दाराशी उभा राहून व्हायोलिन वाजवायचा.

अमेरिकेच्या दुसऱ्या दौऱ्यात चार्लीला सिनेमावाल्यांनी उचललं. चार्ली गेला म्हटल्यावर बाकीच्या कंपनीला कोणी विचारेना, आणि ती मोडली. चार्ली दोन वर्षांत जगप्रसिद्ध झाला. स्टॅन अमेरिकेतच राहिला आणि लहानसहान थिएटरांतून पोटासाठी काय करत होता, तर चार्लीची नक्कल. त्याच्या जागी मी असतो तर जळून खाक झालो असतो. त्याने मात्र चॅप्लिन हाच सगळ्यांत थोर, हे आपलं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

या उमेदवारीच्या काळातच मे डालबर्ग नावाची ऑस्ट्रेलियन नटी त्याच्या आयुष्यात आली. दोघं मिळून खेळ करायचे. स्टॅन जेफरसन या नावात इंग्रजी अक्षरं तेरा भरतात, म्हणजे अपशकुन! म्हणून नाव बदललं आणि लॉरेल हे नाव तिने सुचवलं. १९१७ पासून तो सिनेमात होता, पण दहा वर्षं ना धड वर, ना धड खाली. प्रेक्षकांना त्याच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही सापडत नव्हतं. १९२६ साली तो हॅल रोचच्या स्टुडिओत लेखक आणि दिग्दर्शक म्हणून स्थिरावला. नटाचं काम पुरे, आता पडद्यामागेच राहायचं, असं त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

त्याच स्टुडिओत ऑलिव्हर हार्डी होता. हा अमेरिकेच्या दक्षिणेचा, जॉर्जिया राज्यातला, १८९२ चा जन्म. वडील लहानपणीच गेले, आई हॉटेल चालवायची. येणारीजाणारी गिऱ्हाइकं न्याहाळत बसणं हा पोराचा उद्योग. गळा उत्तम. गावातल्या सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवता चालवता हेच काम आपणही करू शकतो असं त्याला वाटलं आणि तो नट झाला. १९२६ मध्ये घरी स्वयंपाक करताना तापलेल्या मटणाच्या रांगेने त्याचा हात भाजला आणि त्याला कामावर येता येईना. ऐन वेळी दुसरा कोण आणायचा? शेवटी स्टॅनलाच पुन्हा रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. हार्डी बरा होऊन परत आला तेव्हा स्टुडिओत विनोदी नट दोन झाले होते. एकत्र वापरून पाहू, असं म्हणता म्हणता १९२७ मध्ये जोडी जमली. लिओ मॅककॅरी नावाच्या हुशार माणसाने ही जोडी पक्की केली.

आता मुद्द्याचं. हे सिनेमे बनायचे कसे? कथा म्हणून लिहिलेली चार-सहा पानं. स्टॅन आणि लेखक मंडळी एकत्र बसून प्रत्येक प्रसंग घोळायची. शूटिंग शक्यतो कथेच्या क्रमानेच व्हायचं, म्हणजे एखाद्या प्रसंगातून सेटवर काही नवं सुचलं तर पुढचं बदलता यायचं. दिग्दर्शक म्हणून नाव कोणाचंही असो, सेटवर सगळे स्टॅनकडे बघायचे. संध्याकाळी काम संपलं की हार्डी गोल्फ खेळायला जायचा आणि स्टॅन संकलनाच्या खोलीत. पगारही स्टॅनला जास्त होता, आणि हार्डीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. जो जास्त काम करतो त्याला जास्त, हा त्याचा साधा हिशेब. भागीदारीत असा माणूस मिळायला पुण्याई लागते.

सिनेमा तयार झाला की तो आधी एखाद्या थिएटरात गुपचूप दाखवायचे. प्रेक्षक कुठे हसतात, किती वेळ हसतात, हे मोजायचे. मग पुन्हा कापाकापी. हार्डी संकटात सापडला की सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघतो ना? ते बघणं किती लांब ठेवायचं, हे लोकांचं हसणं किती टिकतं यावर ठरायचं. आपलं हसू ओसरेपर्यंत पुढची गंमत थांबून राहायची. म्हणूनच हे सिनेमे एकट्याने घरात बघितले तर थोडे संथ वाटतात आणि पन्नास माणसांत बघितले की घड्याळासारखे चालतात.

१९२९ चा ‘बिग बिझनेस’ घ्या. ही दोघं भर उन्हात दारोदार नाताळची झाडं विकताहेत. एका घरमालकाला झाड नको आहे. तो दार लावतो तर झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा बेल, पुन्हा फांदी. शेवटी तो चिडून झाड छाटून टाकतो. मग हे त्याच्या दाराला धक्का लावतात, तो यांचं घड्याळ फोडतो, हे त्याची खिडकी फोडतात. बघता बघता यांनी त्याचं अख्खं घर मोडीत काढलेलं असतं आणि त्याने यांची गाडी. पण मजा मोडतोडीत नाही. मजा अशी की एक जण तोडफोड करत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो. मध्ये पडत नाही. समोरच्याचं पूर्ण झालं की मग आपली पाळी. भांडणातही रांग! सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला एवढी शिस्त आली तर काय बहार होईल.

आणि ‘द म्युझिक बॉक्स’. १९३२ चा, अर्ध्या तासाचा बोलपट. लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत १३३ पायऱ्या आहेत, आजही आहेत. त्या पायऱ्यांवरून एक पियानो वर न्यायचा, एवढीच गोष्ट. पियानो चढतो, घसरतो, खाली येतो, पुन्हा चढतो. पहिल्या वर्षी आपल्या लिफ्टला परवानगी मिळाली नव्हती तेव्हा ज्यांनी गोदरेजचं कपाट चौथ्या मजल्यावर चढवलं आहे, त्यांना हा सिनेमा विनोदी वाटणार नाही, त्यांना तो माहितीपट वाटेल. विनोदी लघुपटाचं ऑस्कर त्याला मिळालं.

रड्याचं रडणंही याच काळातलं. तोंड वाकडं करायचं, टाळूवरचे केस वर ओढायचे आणि लहान मुलासारखा हुंदका द्यायचा. स्वतः स्टॅनला हे रडणं फारसं आवडत नव्हतं म्हणे, पण लोकांना हवं होतं. त्याची ती पाय टाकत चालण्याची ढब बुटांच्या टाचा काढून टाकल्यामुळे आलेली. चेहऱ्याला दोघंही फिकट पांढरट रंग लावायचे, सर्कशीतल्या विदूषकासारखा. त्यामुळे ती दोघं कुठल्याच वयाची वाटायची नाहीत. मोठी झालेली दोन मुलं, बस्स.

तेरा-चौदा वर्षं असं चाललं. घरचं मात्र काही खरं नव्हतं. १९३० मध्ये त्याचा मुलगा जन्मल्यावर नवव्या दिवशी गेला. लग्नं झाली, मोडली. एकीशी तर दोनदा लग्न केलं आणि दोनदा मोडलं. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. हॅल रोचशीही खटके उडायला लागले. रोचने दोघांचे करार मुद्दाम वेगवेगळे आणि वेगवेगळ्या तारखांना संपणारे ठेवले होते, म्हणजे दोघं एकत्र येऊन कधी अडून बसू शकणार नाहीत. मालक लोकांचं डोकं हो! एकदा तर स्टॅनला काढून हार्डीला दुसऱ्या नटाबरोबर उभं करून पाहिलं. ते काही जमलं नाही. १९४० मध्ये दोघांनी रोचचा स्टुडिओ सोडला. आपली स्वतःची कंपनी असावी, आपले सिनेमे आपण करावेत, असा स्टॅनचा मनसुबा होता.

मग १९४१ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा करार झाला. रोचचा स्टुडिओ म्हणजे आपल्या नाक्यावरचं जुनं दुकान आणि फॉक्स म्हणजे मॉल. पैसा, सेट, माणसं, कशाची ददात नाही. स्टॅनला वाटलं, आता मनासारखं काम करू. पण तिथली पद्धत वेगळी. पटकथा दुसऱ्या विभागाने लिहून आणलेली. ती तशीच करायची. शूटिंग सेटच्या आणि खर्चाच्या सोयीप्रमाणे, क्रमाचा संबंध नाही. कापाकापी तिसरा विभाग करणार, तिथे नटाचं काय काम? या जोडीला त्यांनी स्वस्तातल्या, म्हणजे बी दर्जाच्या सिनेमांच्या विभागात टाकलं होतं. त्या वर्षी ॲबट आणि कॉस्टेलो या नव्या विनोदी जोडीचा सैन्यावरचा सिनेमा तुफान चालला होता. लगेच यांनाही सैन्यात पाठवलं. असा तयार झाला ‘ग्रेट गन्स’, नवीन जागेवरचा पहिला सिनेमा.

गोष्ट अशी. एक श्रीमंत तरुण, घरच्यांनी तो नाजूक आहे असं म्हणून जपून जपून ठेवलेला. त्याला सैन्यात बोलावणं येतं. त्याची काळजी घ्यायला त्याचा माळी आणि ड्रायव्हर, म्हणजे आपली दोघं, तेही भरती होतात. स्टॅन तेव्हा ५१ वर्षांचा, हार्डी ४९ चा. नव्या लोकांनी तो फिकट रंग काढून टाकला आणि साधा, नैसर्गिक मेकअप केला. पहिल्यांदाच चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या. मुलांसारखं वागणारी मुलं बघताना आपण हसतो. पन्नाशीचे दोन गृहस्थ तसं वागताना दिसले की आपण जरा अवघडतो. गच्चीवरच्या मंडळींना काय खटकलं ते कोणी सांगू शकलं नाही, पण खटकलं ते हेच असावं असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे जुन्या सिनेमांत सगळं जग यांच्याभोवती फिरायचं. इथे त्या तरुणाचं प्रेमप्रकरण मध्ये, आणि ही दोघं कडेला. हार्डी कॅमेऱ्याकडे बघतो न बघतो तोच दृश्य बदलतं. हसायला जागाच नाही. आणि जुन्या स्टॅनच्या मूर्खपणात एक वेगळंच तर्कशास्त्र असायचं, ते इथल्या लेखकांना उमगलं नाही. त्यांनी त्याला नुसता बावळट केला.

तरी सगळा सिनेमा टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. स्टॅनचा पेनेलोपी नावाचा पाळीव कावळा आहे. शिपायांची तपासणी चालू असताना हा कावळा हार्डीच्या पँटमध्ये असतो. समोर अधिकारी उभा आहे, हलायचं नाही, आणि आत कावळा! हार्डीचा चेहरा तेवढा बघा. गच्चीवर तेवढ्यापुरती दोन-चार माणसं हसली होती, मी मोजली आहेत.

इथे थोडं स्वतःचं सांगतो, कारण त्याशिवाय मला हा सिनेमा कळला नसता. मी एकोणीस वर्षं एका छोट्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. फॉर्म मशीनवर चढेपर्यंत माझा हात त्यावर असायचा. लेखकाचं वाक्य अडखळत असेल तर त्याला फोन करायची मला मुभा होती. मग दीडपट पगारावर एका मोठ्या ठिकाणी गेलो. तिथे मजकूर वरच्या मजल्यावरून यायचा, मी ऱ्हस्वदीर्घ बघायचं आणि खाली पाठवायचं. वाक्य चुकीचं आहे हे दिसत असूनही तोंड बंद. पहिल्या वर्षी दोन-तीनदा बोलून पाहिलं, मग सोडून दिलं. मुलींची शिक्षणं व्हायची होती. निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. तिथे छापलेलं एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही.

स्टॅननेही सुरुवातीला सुचवून पाहिलं. त्याचं कोणी ऐकलं नाही. त्यालाही घटस्फोटांचे पैसे आणि कर भरायचे होते. आणि खरी दुखरी गोष्ट पुढेच आहे. हे सिनेमे चालले! ‘ग्रेट गन्स’ने चांगला पैसा केला. युद्धाचे दिवस, लोकांना घटकाभर हसायला हवं होतं आणि नावं तर ओळखीची. मग बदलायचं कशाला, असं कंपनीने म्हटलं तर तिची काय चूक? १९४१ ते १९४५ या काळात फॉक्ससाठी सहा आणि एमजीएमसाठी दोन, असे आठ सिनेमे झाले. त्यातला १९४३ चा ‘जिटरबग्ज’ बरा आहे, हार्डीला त्यात चांगलं काम आहे. १९४४ च्या ‘द बिग नॉइज’मध्ये रेल्वेच्या अरुंद बर्थवर दोघं झोपायचा प्रयत्न करतात, तो प्रसंग त्यांनी १९२९ मध्ये ‘बर्थ मार्क्स’मध्ये करून झाला होता. पंधरा वर्षांनी तीच धडपड, फक्त आता अंगं जड झालेली. शिवाय एक दारुडा तिसरा म्हणून त्याच बर्थवर चढतो. या सिनेमाला समीक्षकांनी फार झोडपलं आहे, जगातल्या वाईट सिनेमांच्या यादीतसुद्धा घातलं आहे. मला तेवढा राग येत नाही. बर्थवरची दोघांची अडचण बघताना मला तो १९४४ सालचा स्टॅन दिसतो. हेच आपण एकदा चांगलं केलं होतं, हे त्या सेटवर फक्त त्याला आणि हार्डीला माहीत असणार.

१९४५ नंतर दोघांनी हा मार्ग सोडला. करायचं काय? स्टॅन जिथून आला होता तिथे परत गेला, रंगभूमीवर. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात दोघं इंग्लंडला गेले. युद्ध संपलं तरी रेशन चालूच, कोळशाचा तुटवडा, आणि थिएटरं मात्र तुडुंब. छोटी प्रहसनं स्टॅन स्वतः लिहायचा. कापायला कोणी तिसरा नाही, समोर जिवंत प्रेक्षक, हसू ओसरेपर्यंत थांबायची मुभा. त्याच दौऱ्यात तो अल्व्हर्स्टनला गेला. गावकऱ्यांनी गर्दी केली आणि त्याच्या जन्माच्या दाखल्याची प्रत त्याला भेट दिली. म्हातारे वडील तेव्हा हयात होते.

मध्ये १९५० मध्ये फ्रान्सला जाऊन ‘ॲटॉल के’ हा शेवटचा सिनेमा झाला. स्टॅन त्या वेळी इतका आजारी होता की पडद्यावर त्याच्याकडे बघवत नाही. मी एकदा बघितला, पुन्हा बघणार नाही. पुन्हा दौरे सुरू झाले. १९५३ च्या सप्टेंबरात त्यांची बोट आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागली. धक्क्यावर माणसंच माणसं. आणि वरच्या कॅथेड्रलच्या घंटांवर त्यांच्या सिनेमांची ती कोकिळेची धून वाजायला लागली. या वेळी दोघंही रडले, असं सांगतात. इतकी वर्षं एकत्र काम केलं, तरी खरी मैत्री या दौऱ्यांत झाली. आधी एक संकलनाच्या खोलीत आणि दुसरा गोल्फच्या मैदानावर, भेट व्हायची कुठे?

१९५५ मध्ये स्टॅनला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून तो सावरला. पुढच्या वर्षी हार्डीला आला, आणि तो सावरला नाही. ७ ऑगस्ट १९५७ ला हार्डी गेला. डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे स्टॅनला अंत्ययात्रेलाही जाता आलं नाही. त्यानंतर त्याने कोणाबरोबरही, कितीही पैसे देऊ केले तरी, काम केलं नाही. जोडी संपली म्हणजे संपली. पण दोघांसाठीचे प्रसंग तो त्यानंतरही लिहीत राहिला.

शेवटची वर्षं त्याने सांता मोनिकाला समुद्रासमोरच्या एका इमारतीत, लहानशा फ्लॅटमध्ये काढली. बरोबर बायको आयडा, तिने त्याला नीट सांभाळलं. फ्लॅट आपल्या दोन खोल्यांच्या घरांपेक्षा फार मोठा नव्हता. एवढा मोठा नट, पण त्याचा फोन नंबर सरळ टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला. कोणीही फोन करावा, कोणीही भेटायला यावं. पोरसवदा नट यायचे, डिक व्हॅन डाइक, जेरी लुईस अशी मंडळी यायची. जगभरातून पत्रं यायची आणि तो टाइपरायटरवर एकेकाला उत्तर पाठवायचा. ती हजारो उत्तरं लोकांनी अजून जपून ठेवली आहेत.

जुने सिनेमे तेव्हा टीव्हीवर लागायला लागले होते. नवी पिढी हसत होती, पण त्यातून या दोघांना एक पैसाही मिळाला नाही. पैशाचं त्याला एवढं वाटलं नाही. टीव्हीवाले मध्ये जाहिराती घालण्यासाठी सिनेमे हवे तसे कापायचे, त्याने त्याचा जीव तुटायचा. हसू ओसरायला ठेवलेली जागाच कापली जायची. १९६१ मध्ये त्याला मानाचं ऑस्कर जाहीर झालं. प्रकृतीमुळे तो जाऊ शकला नाही, डॅनी के या नटाने त्याच्या वतीने ते घेतलं. २३ फेब्रुवारी १९६५ ला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याच फ्लॅटमध्ये तो गेला. अंत्यसंस्काराच्या वेळी डिक व्हॅन डाइक त्याच्याबद्दल बोलला, आणि जमलेल्यांत बस्टर कीटन होता.

कोजागिरीच्या त्या प्रकारानंतर मी सिनेमाचं नाव पुन्हा काढणार नव्हतो. पण रौप्यमहोत्सवाच्या संध्याकाळी, सत्कार आटोपल्यावर आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत, कमिटीने मला अर्धा तास दिला आहे. या वेळी ‘द म्युझिक बॉक्स’ लावतो आहे. चादर तीच, प्रोजेक्टर तोच. मुलांना पुढे सतरंजीवर बसवावं आणि मोठ्यांनी पार्किंगचा विषय जेवणानंतर काढावा, ही विनंती. तळमजल्यावरच्या आजींसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे.